दारांवरचे निळे ठिपके

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काकूंचा शब्द शेवटचा, असं निदान काकूंना तरी वाटायचं. बावीस वर्षं त्या एकशे साठ पोरांना दोन वेळचं रांधून घालत होत्या. रेक्टर बदलले, प्राचार्य बदलले, शेगड्या दोनदा बदलल्या, काकू मात्र होत्या तिथेच. कोण दोनदा वाढून घेतो, कोण ताटात टाकतो, कुणाचं कुठे बिनसलं की जेवण सुटतं, सगळं त्यांना पाठ. पोरांची खरी नावं तेवढी डोक्यात राहायची नाहीत, म्हणून त्या आपल्या सोयीनं नावं ठेवायच्या. एक होता झोपाळू, एक होता पुढारी आणि एक होता खारट.

खारट स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता. चार वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, पहिलाच घास घेऊन त्यानं खिडकीशी येऊन विचारलं होतं, "काकू, थोडं मीठ मिळेल?" काकूंच्या हातच्या जेवणात मीठ कमी आहे असं तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी मिठाची बरणीच त्याच्यासमोर आदळली आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ते पडलंच. पोरगं नावाला जागलं नाही, स्वभावानं फार गोड निघालं. दुसऱ्या वर्षी त्यानं टेप आणून सगळं स्वयंपाकघर मोजलं, कागदावर आराखडा काढला आणि चिरायचं टेबल सुताराकडून चार बोटं उंच करून घेतलं. काकूंची कंबर तेव्हापासून दुखायची थांबली. डॉक्टरला दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते या पोरानं एका रविवारात केलं, असं त्या येईल त्याला सांगायच्या.

त्याच्यासारखी आणखी आठ मुलं वसतिगृहात होती, रोजे ठेवणारी. एकंदर नऊ. तो महिना जवळ आला तसा खारटनं रेक्टरांकडे अर्ज दिला, की पहाटे आम्हाला थोडं खायला मिळावं, आदल्या दिवशीचं थंड असलं तरी चालेल. रेक्टरांनी अर्ज खणात ठेवला आणि खण बंद केला. ही गोष्ट काकूंच्या कानावर आली तेव्हा त्यांना अर्जाचा नाही, 'थंड' या शब्दाचा राग आला.

"माझ्या स्वयंपाकघरातून कुणी थंड खाऊन गेलंय का आजवर?" त्यांनी खारटला झापलं. "मी येते लवकर. तुम्ही फक्त उठा म्हणजे झालं."

पोरं उठतात कसली. वीस-बावीस वर्षांची पोरं म्हणजे झोपेची पोती. म्हणून काकू स्वतःच बॅटरी घेऊन वरच्या मजल्यांवर जायच्या आणि दारं ठोठावायच्या. सहापर्यंत दिवे बंद ठेवायचा नियम होता. दारांवरचे आकडे दोनदा रंग चढून बुजून गेले होते आणि काकूंचा चष्मा असून नसल्यासारखा. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी निम्म्या वसतिगृहाची झोपमोड केली. झोपाळू तर हात जोडून आला. म्हणाला, "काकू, मला उठवू नका, मी कुठल्याच देवासाठी उठत नाही."

मग काकूंनी शक्कल लढवली. फळ्या रंगवून उरलेला निळा रंग डब्याच्या तळाशी होता. दुपारी सगळे वर्गात असताना त्या वर गेल्या आणि नऊ दारांच्या पायथ्याशी बटणाएवढे नऊ ठिपके देऊन आल्या. पायथ्याशी अशासाठी, की चालताना बॅटरीचा उजेड खालीच पडतो. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातले डबे त्या अशाच रंगानं ओळखायच्या, तिखटाला लाल, साखरेला पांढरा. त्यांच्या लेखी ती नऊ दारं आणि ते डबे यांत काही फरक नव्हता. दुसऱ्या दिवसापासून एकही चुकीचं दार वाजलं नाही.

महिना संपला. ठिपके तसेच राहिले. पुसायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आले ते पुढाऱ्याच्या. हा पोरगा वागायला फार गोड, दिसेल त्याला नमस्कार करणारा, विद्यार्थी संघटनेत कुठलंसं पद असलेला. एके दुपारी ताट ठेवायला आला आणि म्हणाला, "काकू, आमच्या मजल्यावर काही दारांना खाली निळे ठिपके कसले हो?"

काकू हसल्या. आपली शक्कल कुणीतरी विचारतंय याचं त्यांना कोण कौतुक वाटलं. त्यांनी बॅटरीपासून झोपाळूपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. पुढाऱ्यानंही हसत ऐकून घेतलं, "काकू, तुमचं डोकं म्हणजे," असं म्हणाला आणि हात धुवून गेला. त्या हसण्याची आठवण पुढे काकूंना किती छळणार होती, ते तेव्हा कुणाला ठाऊक.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरला. वसतिगृहातल्या 'त्या लोकांनी' संघटनेचा फलक फाडला आणि वर शिव्या दिल्या, असा. फलक आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं फाटला होता. तो पडताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाहिला होता, त्याचा तुकडा त्यानं सायकलवर आच्छादन म्हणून टाकलाही होता. पण विचारायला कोण जातंय. दुपारी चारच्या सुमाराला फाटकातून पन्नास-साठ जण आत शिरले, निम्मे बाहेरचे, निम्मे इथलेच. हातात काठ्या, हॉकीच्या स्टिका, कुणाकडे लोखंडी गज.

काकू बटाटे सोलत होत्या. वर काचा फुटल्याचा आवाज आला तशी हातातली सुरी टाकून, पदर खोचून त्या जिना चढल्या. पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि तिथेच थांबल्या. पोरं आरडाओरडा करत होती, पण मान वर करून नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकेका दारापाशी वाकून पायथ्याशी बघायचं आणि पुढे जायचं, वाकायचं आणि पुढे जायचं. एका दारापाशी पुढारी थांबला, बोट दाखवलं आणि तिघांनी मिळून ते दार लाथांनी तोडलं.

"अरे, थांबा," त्या ओरडल्या, "थांबा रे, तो ठिपका माझा आहे, मी काढलाय तो." त्या गदारोळात ते कुणाला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तरी काय झालं असतं, हा विचार त्यांनी पुढे पुष्कळ वेळा केला. एकानं, ज्याला त्या रोज दुसऱ्यांदा वाढायच्या त्यानं, त्यांना खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं. "काकू, तुम्ही खाली जा, तुम्हाला लागेल." हे बोलताना त्याच्या आवाजात खरी काळजी होती. काकूंना त्या काळजीचीच जास्त भीती वाटली.

नऊ दारं तुटली, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मधल्या दारांना ओरखडासुद्धा आला नाही. एकाचं डोकं फुटलं, त्याला सतरा टाके पडले. एकानं गच्चीवरून शेजारच्या इमारतीवर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. खारटला खोलीतून ओढत जिन्यापर्यंत आणलं आणि त्याचा उजवा हात मनगटापाशी मोडला. त्याची वर्षभराची रेखाचित्रं कॉरिडॉरभर फाडून टाकली. पोलीस तासाभरानं आले, जिना चढून वर गेले, किती दारं मोडली ते मोजून लिहून घेतलं.

आठ जणांचे आईबाप दोन दिवसांत येऊन पोरांना घेऊन गेले. खारट गेला नाही. त्याचं शेवटचं सत्र होतं, तोंडी परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती, आणि घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. बाप गवंडी. ज्या इमारती बाप बांधतो त्यांचे आराखडे आपण काढायचे, एवढंच त्या पोराचं स्वप्न. डाव्या हातानं लिहायचा सराव करतो म्हणाला. आणि त्यानं तक्रारही दिली, नावानिशी. तिथेच तो सगळ्यांच्या डोळ्यांवर आला.

तिसऱ्या दिवशी फोनवर ठिपक्यांचे फोटो फिरू लागले. वर लिहिलेलं, वसतिगृहात गुप्त खुणा, यांनी आपापल्या खोल्यांवर निशाण्या का करून ठेवल्या होत्या, कसली तयारी चालली होती. ज्या ठिपक्यांवरून त्यांची दारं तोडली तेच ठिपके आता त्यांच्याच गळ्यात घातले. महाविद्यालयानं चौकशी समिती नेमली आणि पहिली नोटीस काढली ती खारटच्या नावानं. खुणा कुणी केल्या, कशासाठी केल्या, याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही.

काकूंनी ती नोटीस फलकावर दोनदा वाचली. मग पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं. म्हणजे एवढंच ना. खुणा कुणी केल्या एवढंच सांगायचं ना.

"मी जाऊन सांगते," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा निवृत्त माणूस, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढणारा. त्यानं डोकं वर काढलं. "नोकरी जाईल तुझी."

"जाईना. ठिपके मी काढले. त्या पोराचं वर्ष का जावं?"

"तू सांगशील ते ते लिहून घेतील असं वाटतंय तुला?"

"खरं सांगितल्यावर न लिहायला काय झालं," काकू म्हणाल्या. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. बावीस वर्षं त्यांनी सांगितलेला किराणा बिनचूक लिहून घेतला जात होता.

समितीची खोली थंडगार होती. अध्यक्ष म्हणजे गणिताचे एक वयस्क प्राध्यापक, मऊ बोलणारे, शेजारी रेक्टर आणि कोपऱ्यात संगणकापाशी कारकून. अध्यक्षांनी उठून काकूंना खुर्ची दिली, चहा मागवला. उभं राहून आरोपीसारखं बोलावं लागेल म्हणून काकू घाबरत आल्या होत्या. चहाचा कप हातात आल्यावर त्यांना धीर आला आणि त्यांनी सगळं सांगितलं. बॅटरी, बुजलेले आकडे, झोपाळू, डब्यातला निळा रंग. पुढाऱ्यानं कधी विचारलं आणि आपण काय सांगितलं, तेही सांगितलं. जमावात त्याला पाहिलं, बोट दाखवताना पाहिलं, हेही.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगायला नको होतं."

"काकू, तुम्ही उगीच स्वतःला दोष देऊ नका," अध्यक्ष म्हणाले. "धावपळीत माणूस ओळखण्यात गल्लत होते. तुमच्या चष्म्याचंही तुम्हीच सांगितलंत. ते आपण बाजूला ठेवू. मला एवढंच सांगा, पहाटेच्या जेवणाचा अर्ज कुणी दिला होता?"

"खारटनं. म्हणजे, त्यानं."

"म्हणजे मागणी त्याची होती."

"जेवणाची. ठिपक्यांची नाही. ठिपके माझ्या मनानं काढले."

"पण त्यानं मागणी केली नसती तर तुम्ही ठिपके काढले असते का?"

काकूंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, हीच पंचाईत. "नसते काढले," त्या म्हणाल्या.

कारकुनाची बोटं चालली. थोड्या वेळानं यंत्रातून कागद निघाला. काकूंनी चष्मा पुसून वाचला. बॅटरी नव्हती. झोपाळू नव्हता. पुढारी तर नावालाही नव्हता, 'अज्ञात जमाव' होता. आणि मधोमध लिहिलं होतं, की सदर विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून मी नऊ खोल्यांच्या दारांवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या.

"हे असं नाही," काकू म्हणाल्या. "त्यानं सांगितलं नव्हतं."

"तपशील जोडपत्रात घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "हा नुसता सारांश आहे. खुणा तुम्ही केल्यात हे यात स्पष्ट आलंय, तेच महत्त्वाचं. उलट त्याच्यावरचा आळ कमीच होतो."

"मग सही नंतर करते. जोडपत्र झालं की."

अध्यक्षांनी रेक्टरांकडे पाहिलं. रेक्टर हळूच म्हणाले, "काकू, आज सही झाली नाही तर तुमचा जबाबच धरला जाणार नाही. मग खुणा कुणी केल्या याला कागदावर कुणीच नाही. म्हणजे त्यानंच केल्या, असंच होईल."

काकू कागदाकडे बघत बसल्या. सही केली तर पोराच्या सांगण्यावरून, नाही केली तर पोराच्याच हातानं. सगळ्या बाजूंनी त्याच पोरावर येऊन ठेपत होतं. आपण इथे त्याला सोडवायला आलो होतो, याचीच त्यांना लाज वाटू लागली. "जोडपत्र नक्की ना?" त्यांनी दोनदा विचारलं. "अहो, नक्की," अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःचं पेन त्यांच्या पुढे केलं. काकूंनी सही केली.

जोडपत्रासाठी त्यांना कुणी बोलावलं नाही. चौथ्या दिवशी त्या स्वतःच गेल्या, तर अध्यक्ष वर्गावर होते. सहाव्या दिवशी गेल्या, तर बैठकीत होते. मग त्यांनी वहीचं पान फाडून आपल्या हातानं सगळं लिहिलं, दोन्ही बाजूंनी, आणि कचेरीच्या खिडकीवर दिलं. खिडकीतल्या बाईनं ते वाचलं, दया आल्यासारखा चेहरा केला आणि परत केलं. "काकू, समितीचं काम संपलंय. आता यावर शिक्का मारून तरी कुठे पाठवू?"

निकाल फलकावर लागला. पुढारी आणि आणखी तिघांना शिस्तभंगाबद्दल लेखी समज. खारटला वसतिगृहात गुप्त खुणा करवून तणाव निर्माण केल्याबद्दल एक वर्ष निलंबन, खोली दोन दिवसांत रिकामी करावी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आधार, स्वयंपाकघर प्रमुखांचा सहीनिशी जबाब.

त्या दिवशी दुपारी पुढारी नेहमीसारखा ताट घेऊन खिडकीशी आला. "काकू, वाढा," म्हणाला. काकूंनी वाढलं. न वाढायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि असता तर आपण काय केलं असतं याचीही त्यांना खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी गवंडी पोराला न्यायला आला. स्वच्छ शर्ट, चुन्यानं भेगाळलेले हात, हातात निकालाची प्रत. पोराला फाटकापाशी पेटीजवळ उभं करून तो मागच्या बाजूनं स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"ताई, काकू तुम्हीच ना?" तो म्हणाला. "चार वर्षं पोराला जेवू घातलंत. फोन केला की तुमचंच सांगायचा."

काकूंना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"एक विचारायचं होतं," गवंड्यानं कागद उलगडला. "यात लिहिलंय की त्यानं सांगितलं म्हणून तुम्ही खुणा केल्या. तो म्हणतो, मी कधीच सांगितलं नाही. मला राग आला. मी म्हटलं, ज्या बाईनं तुला पहाटे उठून जेवू घातलं ती खोटं कशाला लिहील? मघाशी खोलीवर मी त्याच्यावर हात उचलला, ताई. मोडक्या हाताचं पोरगं, गुपचूप उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच उचलला मी. रागावू नका, पण खरं कोण बोलतंय?"

"तो," काकू म्हणाल्या.

गवंडी कागदाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला, "मग ही सही?"

"माझीच आहे."

"कुणी दमदाटी केली का? तसं असेल तर सांगा, मी समजू शकतो. आम्हाला काय, सवय आहे."

दमदाटी कुणीच केली नव्हती. खुर्ची दिली होती, चहा दिला होता, पेनसुद्धा त्यांचंच होतं. हे या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं ते काकूंना कळेना. त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली.

"एवढं तरी करा," गवंडी म्हणाला. "त्याच्यासमोर एकदा बोला. मला त्याची माफी मागायचीय, ती तुम्ही बोलल्यावर मागतो."

काकू तशाच ओल्या हातांनी फाटकापर्यंत गेल्या. खारट पेटीवर बसला होता, उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला. दोघी-तिघी मुली रस्त्यावरून वळून बघत गेल्या. काकू बापाकडे बघून म्हणाल्या, "यानं मला काही सांगितलं नव्हतं. ठिपके मी माझ्या मनानं काढले. याचं काही चुकलं नाही."

बाप पोराकडे वळला आणि त्यानं निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"हेच मी समितीला तीनदा सांगितलं, काकू," खारट म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ते म्हणाले, तुमच्या काकूंनी सही केलीय, आता तूच ठरव, काकू खोट्या की तू. मी त्यानंतर गप्प बसलो."

बस आली. गवंड्यानं पेटी डोक्यावर घेतली आणि दोघे चढले.